दिलीपचं मशीन

आमच्या आईनं विजेच्या बटणाला जन्मात कधी बोट लावलं नाही. निमगाव सावाला आमच्या घरात वीज आली तेव्हा मी शाळेत होतो. दिवा लावायची वेळ झाली की आई लाटणं घेऊन यायची, लांब उभी राहून लाटण्याच्या टोकानं बटण दाबायची आणि दिवा लागला की हात जोडायची. बहिणी हसायच्या. मीही हसायचो. दादा, म्हणजे आमचे वडील, मात्र हसायचे नाहीत. ते म्हणायचे, दिसत नाही त्याला भिऊन राहिलेलं बरं. घरात रेडिओ आला, पुढं शेतातल्या विहिरीवर मोटर आली. पण मोटर सुरू असताना आई विहिरीच्या बाजूलाही फिरकायची नाही. तिचं घर म्हणजे चूल, बाजरीच्या भाकरी थापल्याचा आवाज, गोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि संध्याकाळी शेंगोळ्यांना दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास. त्या घरात वेल्डिंग मशीन आणायचं मी ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी मला तिचंच भय वाटलं होतं.

तीन बहिणींच्या पाठीवर झालेला मी एकटा मुलगा. बहिणी आपापल्या घरी गेल्या होत्या. मी दोन वर्षं भोसरीला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात काढली. पण पक्का वेल्डर झालो होतो असं म्हणता यायचं नाही. अँगल धरायचा, ग्राइंडर मारायचा आणि मिस्त्री जेवायला गेले की चोरून वेल्डिंगचे दोन टाके मारून बघायचे, एवढंच माझं शिक्षण. ते दुकान बंद पडलं आणि मी ट्रंक घेऊन गावी आलो. गावात तेव्हा नांगराचा फाळ मोडला तरी माणूस थेट आळेफाट्यापर्यंत जायचा. रस्त्याला लागून आमची एक मोकळी पडवी होती. तिथं आपलं दुकान काढावं, असं माझ्या मनात आलं. नवं मशीन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी जुनं शोधत होतो. आळेफाट्याच्या एका हार्डवेअरवाल्यानं सांगितलं, की आंबेगाव तालुक्यात पेठला एक मशीन पडून आहे, मालक विकतो म्हणतोय.

मी आणि दादा एस.टी.नं निघालो. दादांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, पण ते बैलांचे पारखी होते. पंचक्रोशीतली माणसं बैल घ्यायला जाताना त्यांना सोबत नेत. गाडीत ते मला म्हणाले, “दात बघायचं, चालवून बघायचं, पर त्याच्या आधी, का इकतोस ते इचारायचं.” मी मान हलवली. बैलाचं शास्त्र मशीनला कशाला लागतंय, असं मनात म्हटलं. बावीस वर्षांचा होतो, आणि भोसरीला राहून आलो होतो.

पेठला रस्ता सोडून थोडं आत बाबूरावांचं घर होतं. साधा शेतकरी माणूस, दादांच्याच वयाचा, अंगात बंडी. अंगणातल्या छपरात मशीन झाकून ठेवलेलं. त्यांनी पोतं काढलं. हिरवा रंग, तेलात बसवलेलं जुन्या पद्धतीचं मशीन, चार माणसं लागतील एवढं जड. मी त्याचा रंग बघितला, चाकं फिरवून बघितली, किती नंबरचा रॉड घेतं ते विचारलं. खरं म्हणजे मला आणखी काय विचारायचं तेच माहीत नव्हतं. केबल नव्या होत्या, होल्डर नवा होता, मशीनच्या पत्र्यापासून एक जाड तार निघून जमिनीत गेलेली होती. हे सगळं मी बघितलं आणि खूश झालो. जुन्या मशीनवर सगळ्या वायरी नव्या कशा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

बाबूरावांच्या मालकीणबाईंनी, सरूबाईंनी, पाणी आणून दिलं. मग बाबूरावांनी मेन स्विच ओढला आणि मशीन घुमायला लागलं. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, त्या जुन्या मशीनचा आवाज कानानं कमी आणि छातीत जास्त ऐकू येतो. सरूबाई रिकामा तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. मी काच डोळ्यांपुढं धरून रॉड टेकवला, तो चिकटला. ओढून काढला, पुन्हा टेकवला, तेव्हा कुठं ठिणगी धरली. दोन बोटं लांबीचा एक वेडावाकडा टाका पडला. काच खाली घेतली तोवर सरूबाई आत गेल्या होत्या आणि घराचं दार लावलेलं होतं. भर दुपारी दार का लावलं, याचंही मला काही वाटलं नाही.

सौदा ठरला. पैसे दादांच्या कोपरीच्या खिशात होते. त्यांनी ते बाहेर काढले, पण हात पुढं केला नाही. म्हणाले, “पावणं, एक इचारू का? का इकताय?”

बाबूराव खाली बसले. मग म्हणाले, “कवा इचारताय त्याचीच वाट बघत व्हतो. आधी तिघं येऊन गेले, कुणीच इचारलं न्हाई. न इचारता नेलं असतं, तर मी देणार नव्हतो.”

त्यांचा थोरला मुलगा दिलीप. वेल्डिंग शिकून आला होता, हे मशीन त्यानं घेतलेलं. पावसाळ्याचे दिवस, छपरात ओल, पायांत चप्पल नाही. मेनची वायर मशीनच्या चाकाखाली येऊन चेमटली होती. करंट मशीनच्या पत्र्यात उतरलेला, आणि तो खाली जायला अर्थिंगची तार नव्हती. दिलीपनं मशीन सरकवायला हात लावला. सरूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“वायरमननं सगळं उघडून बघितलं,” बाबूराव म्हणाले. “मशीनमधी दोष न्हाई म्हनला. वायरी मी समद्या बदलल्या, अर्थिंगचा खड्डा केला. ज्याच्या घरी जाईल त्याला तरी काय व्हऊ नये. आता नेयाचं का न्हाई, तुमी ठरवा.”

आम्ही बाप-लेक बांधावर जाऊन उभे राहिलो. दादा मला म्हणाले, बैल मारका असता तर मीच दावं सोडून दिलं असतं, पण हा माणूस खोटा नाही. तुला चालवायचंय, तूच सांग. भोसरीला परत जायचं नव्हतं. दुसरं मशीन कधी मिळेल माहीत नव्हतं. आणि आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, नको म्हणून बाबूरावांकडं पाठ फिरवून जायला मला लाज वाटत होती. मी नेऊ म्हणालो. दादा एवढंच म्हणाले, “मग तुझ्या आयला यातलं काय कळू दिऊ नको. ती एक दीस जगायची न्हाई.”

टेम्पोत मशीन चढवताना सरूबाई बाहेर आल्या नाहीत. बाबूरावांनी मला केबल कशी गुंडाळून ठेवायची, पायांत काय घालायचं, हे दोन-दोनदा सांगितलं. टेम्पो वळला तरी ते रस्त्यावरच होते.

घरी आई दारात आरती घेऊन उभी. तिला भीती होतीच, पण ती मनात दाबून तिनं मशीनला लांबूनच हळदकुंकू टाकलं, नारळ दादांच्या हातून फोडून घेतला. मग तिनं मला विचारलं, चालतं मशीन त्यांनी विकलं कसं? दादा बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं गोठ्याकडं निघून गेले. मी म्हणालो, “त्यांचा मुलगा चालवायचा. त्याला चिंचवडला कंपनीत नोकरी लागली.”

आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. “बाई, पोराचं भलं झालं म्हणायचं. सुलक्षणी हाय रं हे मशीन.” आणि ती पुढं आली, एक पाऊल मागं घेत पुन्हा पुढं आली, आणि मशीनच्या पत्र्यावर तिनं अख्खा तळहात ठेवला. वायर अजून जोडलेली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी ओरडलो असतो. कसाबसा गप्प राहिलो.

पहिले दोन-तीन महिने माझे टाके बघून लोक हसत. फाळ जोडून द्यायचा आणि तो शेतात नांगराच्या दुसऱ्या तासालाच तुटून परत यायचा. नवशिका माणूस ठिणगीकडं उघड्या डोळ्यांनी बघतोच, तसं मी बघितलं. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग व्हायची, पाणी थांबायचं नाही. आई बटाट्याचे काप करून माझ्या पापण्यांवर ठेवायची आणि उशाशी बसून भाकरीचा घास भरवायची, मी बावीस वर्षांचा बाप्या असून. डोळे मिटलेले असले की तिच्याशी बोलायला मला सोपं जायचं. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं विचारलं, वेल्डिंग करत होता का? मी हो म्हणालो, आणि मला बटाट्याचा तो ओला गारवा आठवला.

हळूहळू हात बसला. गावात बांधकामं निघाली, खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बेल्ह्यापर्यंतची कामं यायला लागली. आईला वाटे हे सगळं त्या मशीनचं पुण्य. दिवाळी आली तशी तिनं पितळी डबा भरून करंज्या आणि शंकरपाळे माझ्या हातात दिले. म्हणाली, त्या माउलीला नेऊन दे, लेक लांब गेलाय तिचा, दिवाळीला येतो का न्हाई कुणास ठाऊक.

डबा वाटेत कुणाला तरी देऊन टाकावा, असं माझ्या मनात आलं होतं. तरी गेलो पेठला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या घरात आत गेलो. दारासमोरच्या भिंतीवर दिलीपचा फोटो होता, हार घातलेला. माझ्याच वयाचा, केस मागं फिरवलेले, फोटो काढताना हसू आवरल्यासारखा. सरूबाईंनी डबा उघडला, एक करंजी काढली आणि नुसती हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “तुझी आई आमाला कशापायी धाडती एवढं?” मी म्हणालो, मशीन चांगलं चाललंय म्हणून. त्यांनी रिकामा डबा परत दिला नाही. भुईमुगाच्या शेंगांनी भरून दिला. घरी आईनं त्या शेंगा बघितल्या आणि म्हणाली, मन मोठं हाय बाईचं.

असे डबे पुढं वर्षानुवर्षं जात-येत राहिले. इकडून करंज्या, संक्रांतीचे तीळगूळ, कधी मासवड्या. तिकडून शेंगा, हुलगे, एकदा आंबेमोहोर तांदूळ. आणि मी डबा घेऊन परत आलो की आई विचारायची, दिलीप काय म्हणतो? पहिल्या वर्षी मी म्हणालो, बरा आहे. दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं, लगीन झालं का त्याचं? मी काम करत होतो, काच डोळ्यांपुढं होती. काचेआडूनच म्हणालो, झालं. मुलगी कुठली? अवसरीकडची. दिसायला? सावळी आहे पण नाकीडोळी नीटस. हे मी का सांगितलं? खोटं एकदा बोललं की ते जिवंत माणसासारखं वागायला लागतं, त्याला दर वर्षी थोडं वाढावं लागतं. आणि आईला बरं वाटायचं. कुणाच्या तरी लेकाचा संसार चांगला चाललाय, हे ऐकून ती दिवसभर आनंदात असायची. नंतर माझं लग्न झालं, मला मुलगा झाला. त्याच सुमाराला आईनं विचारलं, दिलीपला काय पोरबाळ? मी म्हणालो, मुलगी झाली यंदा.

एकदा मी आळ्याला एका बंगल्याच्या जाळ्या बसवायला गेलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर आई दिसली नाही. दादा ओट्यावर बसले होते. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, काहीतरी झालंय. म्हणाले, “पेठला गेली. दुपारच्या गाडीनं. मी मळ्यात व्हतो. सूनबाईला सांगून गेली.”

माझी बायको म्हणाली, सासूबाईंनी महिनाभर जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी शिवली होती. घरातल्यासाठी असेल असं तिला वाटलं होतं. आई जाताना सांगून गेली, दिलीपच्या मुलीला द्यायची आहे. तिच्या आजीच्या हाती देऊन येते, ती चिंचवडला पोचवील.

मी तसाच रस्त्याला जाऊन उभा राहिलो. तिथं जाऊन काही उपयोग नव्हता. कधीच पोचली असेल. ती त्या घराच्या दारात उभी आहे, हातात ती गोधडी आहे आणि समोर भिंत आहे, एवढंच मला दिसत होतं. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, माझ्या हातचं एक फाटक एका माणसाच्या पायावरही पडलं. पण त्या तासाभराइतकी स्वतःची शरम मला कधी वाटली नाही. शेवटच्या एस.टी.तून आई उतरली. हात रिकामे होते. माझ्याकडं तिनं बघितलं आणि म्हणाली, “उपाशी हायस व्हय? चल.”

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, चुलीपुढं बसली, तव्यावर भाकरी टाकली. मी पाटावर बसून होतो. दादा दाराशी. ती एवढंच म्हणाली, “भेटून आले. गोधडी दिली. लई चांगली माणसं हायेत.” आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. तिचा आवाज नेहमीचाच होता. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, आणि मला तिथं काहीच वाचता आलं नाही. मला वाटलं, त्या दिवशी फोटो कुठं तरी काढून ठेवलेला असेल, सरूबाईंनी सांभाळून घेतलं असेल. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

त्यानंतर आईनं मला दिलीपचं कधी काही विचारलं नाही. डबेही माझ्याकडं दिले नाहीत, ते घेऊन ती स्वतः पेठला जायला लागली. आणखी एक गोष्ट सुरू झाली. दुकानामागं मशीनच्या अर्थिंगचा खड्डा होता. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की आई दुसरा तांब्या भरून त्या खड्ड्यात ओतायची. पाऊस असो, थंडी असो. मग दुकानाच्या दारात येऊन माझ्या पायांकडं बघायची. चप्पल असली तर परत जायची. मी म्हणायचो, हिला खड्डाही देव वाटायला लागला. दादा ऐकायचे आणि उठून गोठ्याकडं जायचे.

दादा गेले. पेठचे बाबूरावही गेले. त्या मशीनचं वाइंडिंग एका उन्हाळ्यात जळालं आणि मी ते भंगारात घातलं. आता एका हातात उचलता येतं असं लहान मशीन आहे. आई खूप थकून घरीच वारली. अखेरच्या महिन्यात तिला उठवत नव्हतं, तेव्हा ती माझ्या बायकोला सांगायची, खड्ड्यात पाणी टाक.

आईच्या दहाव्यानंतर सरूबाई आल्या. एकट्याच, काठी टेकत, एस.टी.नं. ओट्यावर बसल्या. बायकोनं चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून ठेवला. थोडा वेळ आईच्या दुखण्याबद्दल बोलणं झालं. मग माझ्याकडं न बघता त्यांनी त्या दिवशीचं सांगितलं. आई दारात आली, आत पाऊल टाकलं आणि तिला फोटो दिसला. बराच वेळ ती उभीच राहिली, गोधडी छातीशी धरून. मग खाली बसली आणि विचारलं, कशानं? सरूबाईंनी सगळं सांगितलं. दोघी तिथंच बसून राहिल्या, चुलीवरची आमटी करपून गेली.

“उठताना मला म्हनली, मला कळलंय हे माझ्या पोराला कळू दिऊ नका. त्याला कळलं तर मशीनवर त्याचा हात कापंल. मी तिला म्हनलं, मी न्हाई सांगणार. पर तुमी एवढं करा, त्या अर्थिंगच्या खड्ड्याची माती सुकू दिऊ नका, सुकली की करंट खाली उतरत न्हाई म्हनला व्हता वायरमन. आमच्यात खड्डाच नव्हता.”

तेवीस वर्षं ती रोज तांब्या घेऊन गेली होती, आणि मी तिच्या पाठीमागं हसलो होतो. सरूबाईंची माफी मागायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानं थांबवलं.

“गोधडी मी परत दिली न्हाई,” त्या म्हणाल्या. “हाय घरी.” मग त्यांनी विचारलं, “भाऊ, तू तुझ्या आईला दिलीपचं काय काय सांगायचास? गोधडी दिलीपच्या पोरीला आनली व्हती एवढंच म्हनली, बाकी तिनं मला कधी सांगितलं न्हाई, आन् मला इचारायचा धीर झाला न्हाई.”

“मावशी, ते सगळं खोटं होतं.”

“ठावं हाय मला. सांग.”

मी सांगायला लागलो. चिंचवडची कंपनी. दोन खोल्यांचं घर, आत नळ आहे. त्यांनी विचारलं, रातपाळी तर नसती ना? मी म्हणालो, नाही, दिवसाचीच पाळी. डबा घरून नेतो का? घरून नेतो. बायको अवसरीची, तिच्या हाताला चव आहे. मुलगी पुष्कळ शिकली, हुशार आहे, अक्षर चांगलं आहे. यातलं अर्धं मी आईला कधी सांगितलेलं नव्हतं, तिथं बसल्या-बसल्या सांगत होतो, आणि सरूबाई एकेका गोष्टीला मान हलवत होत्या. केस कुणावर गेलेत पोरीचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुमच्यावर. बशीतल्या चहावर साय धरली. त्यांच्या परतीची, नारायणगावची दुपारची गाडी रस्त्यावरून निघून गेली, पण त्या उठल्या नाहीत.